पेटीतला गरम हात

त्या दुपारी आमच्या लॉन्ड्रीत कपड्यांपेक्षा माणसंच जास्त झाली होती. चादरींच्या गठ्ठ्यांवर शेजारच्या छापखान्यातले कामगार ऐसपैस टेकले होते, पलीकडच्या बेकरीचा मालक पिठाच्या हातांनीच धावत आला होता, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते रस्त्यावरून काचेला नाक लावून उभे होते. सगळ्यांच्या नजरा जिन्याखालच्या करड्या लोखंडी पेटीवर खिळलेल्या. पेटी म्हणजे विजेचा मुख्य पॅनल. तिच्यापुढे प्रवाहबाबा उभे होते, आमच्याच लॉन्ड्रीत कडक इस्त्री झालेल्या पांढऱ्याशुभ्र झग्यात.

"खटका म्हणजे काय?" बाबांनी विचारलं, आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकलं. "खटका म्हणजे भय. ज्याचा विजेवर विश्वास नाही, त्याला खटका लागतो. आम्ही विजेशी मैत्री केली आहे."

असं म्हणून त्यांनी सगळ्या लॉन्ड्रीची वीज तोडणाऱ्या मुख्य खटक्याचा दांडा धरला आणि खाडकन खाली ओढला.

दांडा खाली आला, पण दिवा एकही विझला नाही. ड्रायर गरगरत राहिले, पंखे फिरत राहिले, चादरी दाबणारा मोठा रोलर वाफा सोडत राहिला. बाबांनी दांड्यावरचा हात काढला आणि दोन्ही तळवे लोकांना दाखवले, जणू वीज आता तिथूनच येत होती. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेरचे लोकही, काही न दिसता, टाळ्या वाजवू लागले. भावजींनी डोळे पुसले.

भावजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. लॉन्ड्री त्यांची. मी तिथे काउंटर सांभाळतो, गिऱ्हाइकांची बोलणी खातो आणि हरवलेल्या मोज्यांची जबाबदारी घेतो. माझा हुद्दा काय म्हणाल, तर मेव्हणा. कामगारही मला 'मेव्हणे' म्हणूनच हाक मारतात. मेव्हण्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, हा आमच्या घरचा अलिखित कायदा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याबद्दल मी आधी सांगितलं नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

झालं होतं असं. भावजींनी हॉटेलांच्या चादरींचं काम घेतलं, नवे ड्रायर आणले, रोलर आणला. पेटी मात्र जुनीच ठेवली. सगळी यंत्रं एकदम लागली की मुख्य खटका आपोआप पडायचा आणि अंधार व्हायचा. ओल्या चादरींचे डोंगर आणि हॉटेलवाल्यांचे फोन, अशा कात्रीत भावजी सापडले. मी म्हटलं, पेटी आणि तारा मोठ्या करून घ्या, तोवर यंत्रं आळीपाळीनं चालवा. भावजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पेटीला कोणाची तरी नजर लागली आहे असा निष्कर्ष काढला.

प्रवाहबाबा आमच्याकडे आले ते गिऱ्हाईक म्हणून. झगे धुवायला टाकायला आले, तेवढ्यात खटका पडला. अंधारात त्यांचा धीरगंभीर आवाज आला की इथे ऊर्जा कोंडली आहे, तिला मोकळं करावं लागेल. दुसऱ्याच दिवशी ऊर्जा मोकळी करायचा कार्यक्रम झाला. ध्यानाला पूर्ण अंधार हवा, म्हणून भावजींनी मागच्या अंगणातल्या ट्रान्सफॉर्मरजवळचा आमचा स्विच स्वतःच्या हातांनी बंद केला. पेटीभोवती आमच्याच चादरी पडद्यासारख्या बांधल्या. आम्हाला सगळ्यांना रस्त्यावर डोळे मिटून बसायला सांगितलं. पडद्याआड गेले दोघंच, बाबा आणि त्यांचा सेवक. सेवकाचं मौनव्रत होतं. त्याची पिशवी मात्र फार बोलकी होती, तो चालला की आतून पान्या-पकडींचा खुळखुळाट यायचा. मी ते ताईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, डोळे मिट.

त्यानंतर खटका पडला नाही. बाबांनी पेटीच्या दाराला कुलूप लावलं, बाहेर फक्त दांडा तेवढा राहिला. कुलपाची किल्ली सेवकाच्या गळ्यात गेली. दार उघडलं तर कृपा उडून जाईल, असं बजावण्यात आलं. बाबांचे झगे तेव्हापासून रोज फुकट धुतले जाऊ लागले, तेही गिऱ्हाइकांच्या आधी.

मग चमत्कारांची रांगच लागली. पेटीचं दार आधी कोमट, मग चांगलं गरम लागू लागलं. बाबा म्हणाले, तो माझा हात आहे, मी कुठेही असलो तरी तुमच्या पाठीवर असतो. झालं. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्या बाया पेटीला पाठ टेकून उभ्या राहू लागल्या. छापखान्यातला एक जण आखडलेली मान घेऊन यायचा. या बायांना इस्त्री किती तापली आहे हे ओलं बोट लावून अचूक कळतं, आणि इस्त्री कशानं तापते हेही कळतं. पण पेटी तापली ती कृपेनं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पेटी गुणगुणायची, म्हणजे ती ध्यान करत होती. तिच्यातून करपल्यासारखा वास यायचा, म्हणजे जुने दोष जळत होते. धोक्याची प्लास्टिकची पाटी एक दिवस उष्णतेनं वाकली, तर बाबा म्हणाले, पाहा, धोकासुद्धा वाकला.

इथपर्यंत मी हसत होतो. हसू थांबलं ते मावशींमुळे.

मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. त्या वरच्या माळ्यावर राहतात. गुडघे पार गेलेले, उठायला दोन बाजूंनी दोन माणसं लागतात. मी या घरात बिनकामाचा म्हणून आलो तेव्हा मला पहिल्यांदा पोटभर वाढलं ते त्यांनी, आणि 'हा कोण' असं एकदाही विचारलं नाही. बाकीच्यांसाठी मी मेव्हणा असेन, त्यांच्यासाठी मी घरचा आहे. तर बाबांचा हात गुडघ्यांना लागावा म्हणून मावशींनी आपली खुर्ची खाली आणवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या जिन्याखाली पेटीला पाय टेकवून बसू लागल्या. पेटीला आग लागली असती तर सगळे रस्त्यावर पळाले असते. मावशी मात्र खुर्चीतच राहिल्या असत्या. मला रात्री झोप लागेना.

मी भावजींशी भांडलो. विजेची पेटी गरम होणं चांगलं नाही, म्हटलं. ते म्हणाले, मागे ट्रान्सफॉर्मरला मोठा फ्यूज आहे, काही झालंच तर तो उडेल. आमच्या भावजींचं एक आहे, श्रद्धा अडचणीत आली की ते ताबडतोब शास्त्राच्या आश्रयाला जातात.

अशात ताईची नणंद आली. ती दुसऱ्या शहरात डॉक्टर आहे. मी तिला डॉक्टरताई म्हणतो, भावजी तिला घाबरतात. ती आईला भेटायला आली आणि मावशींनी मोठ्या कौतुकानं लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवले. पोटऱ्यांवर लालसर तपकिरी नक्षी उमटली होती, मासळीच्या जाळ्यासारखी.

"बघ, बाबांनी कसं जाळं विणलंय," मावशी म्हणाल्या. "दुखणं आत अडकतं आणि वर येत नाही."

डॉक्टरताई खाली बसली. तिनं त्या नक्षीवरून बोट फिरवलं, दाबून पाहिलं. नंतर मला बाजूला घेऊन तिनं सांगितलं की असे पाय तिनं पुष्कळ पाहिलेत. शेगडीजवळ दिवसभर बसणाऱ्यांचे असे होतात, पोटावर गरम पिशवी धरून झोपणाऱ्यांच्या पोटाला अशीच जाळी पडते. सतत शेक लागला की कातडीखालच्या बारीक शिरा अशा उमटतात. कृपेनं उमटलेली जाळी तिच्या पाहण्यात नव्हती.

मग तिनं पेटीला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"आणि तू गप्प बसलास?"

"बोललो की. पण मी मेव्हणा आहे."

ती आईकडे गेली आणि खुर्ची हलवायला सांगितलं. मावशींनी साफ नकार दिला. डॉक्टरताईनं धमकी दिली, विनवण्या केल्या, औषधं काढून ठेवली. मावशी म्हणाल्या, तुझ्या गोळ्यांनी मी कधी जिना उतरले नाही, बाबांच्या हातानं उतरले.

हे खरं होतं. डॉक्टरताई आईजवळ बसली आणि म्हणाली, "आई, तो हात बाबांचा निघाला तर मी पण इथे पाय टेकून बसते. नाही निघाला तर खुर्ची हलवायची. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाल्या. "बसायला एक उशी आण, म्हणजे झालं."

परीक्षा ठरली सुट्टीच्या दिवशी. बाबांना निरोप गेला की शहरातली एक डॉक्टरीण आपल्या हाताचा अनुभव घेऊ इच्छिते. बाबा खुशीत आले. डॉक्टर पावली म्हणजे उद्या दवाखान्यांच्या पेट्या मोकळ्या करायला मिळणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. डॉक्टरताईनं आपल्या ओळखीचे एक निवृत्त वीज निरीक्षकही बोलावले होते. ते मागच्या अंगणात, ट्रान्सफॉर्मरजवळच्या आमच्या स्विचपाशी, वर्तमानपत्र वाचत बसले. मावशींची खुर्ची तिनं दाराबाहेर फुटपाथवर ठेवली. पाहुण्यांना जागा हवी, असं कारण सांगितलं.

बाबा आले तेव्हा यंत्रं सकाळपासून बंद होती. डॉक्टरताईनं विचारलं, हात आहे ना पेटीवर? बाबा म्हणाले, सदैव. तिनं एकेका भाविकाला पेटीला हात लावायला सांगितलं. पेटी थंडगार होती. बेकरीवाल्यानं दोनदा लावून पाहिला आणि आपलाच हात तपासला.

"इथे कोणीतरी संशयी आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "अविश्वास असला की हात मागे येतो."

"अगदी बरोबर," डॉक्टरताई म्हणाली. "मग आता पूर्णच काढून घ्या. निघाला हात?"

"निघाला," बाबा म्हणाले. बिचारे सापळ्यात स्वतःच्या पायानं चालत आले.

डॉक्टरताईनं मला खूण केली. मी ड्रायर लावले, रोलर लावला, सगळं एकदम. बाबा हाताची घडी घालून भिंतीशी बसले, आणि दुसऱ्या कोणी चहा सांगितला नाही म्हणून मी सांगितला. चहा संपेस्तोवर पेटी पुन्हा गुणगुणायला लागली. इस्त्रीवाल्या बायांपैकी सगळ्यांत वयस्कर होती, तिनं सवयीनं बोट ओलं करून दाराला लावलं. बोटाखालचं पाणी बघता बघता सुकून गेलं. तिनं बोटाकडे पाहिलं, ड्रायरकडे पाहिलं, बाबांच्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं. आणि ती पेटीपासून दोन पावलं मागे झाली. तिच्या मागोमाग बाकीच्याही झाल्या.

बाबांच्या ते लक्षात आलं. माणसं हातची जाताना दिसली की असल्या लोकांना भलतं धाडस सुचतं. ते ताडकन उठले. यांना बाहेरून कळत नाही, आतून दाखवतो, म्हणाले. सेवकाच्या गळ्यातली किल्ली ओढून घेतली, कुलूप काढलं, दार उघडलं.

"वीज मला ओळखते," बाबा म्हणाले आणि उजवा हात पेटीत घालायला पुढे सरसावले.

"अहो बाबा, नका! तिन्ही पट्ट्या उघड्या आहेत!"

ओरडला होता सेवक. त्यानं मागून बाबांचा झगा धरून त्यांना असं खेचलं की दोघंही चादरींच्या गठ्ठ्यावर आडवे झाले. मागच्या दारातून निरीक्षक उठून उभे राहिलेले मला दिसले, त्यांनी स्विच पाडला आणि पुढच्याच क्षणी खरोखरचा अंधार झाला. यंत्रं थांबली. त्या शांततेत डॉक्टरताईचा आवाज आला, रोग्याला नाव-गाव विचारावं इतका साधा.

"कुठल्या पट्ट्या हो?"

मौनव्रत एकदा सुटलं की सुटलं. सेवक तिथेच बसून भडाभडा बोलला. तो मूळचा वायरमन. पडद्याआड त्यानं मुख्य खटक्याच्या वरून, येणाऱ्या तारांपासून थेट जाणाऱ्या तारांपर्यंत, तांब्याच्या तीन पट्ट्या बोल्टांनी आवळल्या होत्या. वीज खटक्यातून जायचीच बंद झाली, बाजूच्या वाटेनं जाऊ लागली. मग दांडा वर असला काय नि खाली असला काय, दिवे चालूच. बाबांना यातलं काही कळत नव्हतं. आपल्यात काहीतरी आहे असं त्यांना मनापासून वाटू लागलं होतं, आणि त्याचीच सेवकाला हल्ली भीती वाटत होती.

निरीक्षक टॉर्च घेऊन आत आले. त्यांनी तपासणीच्या यंत्रानं पेटीत वीज उरली नाही याची खात्री केली आणि मग सगळ्यांना जवळ बोलावलं. पट्ट्यांचे बोल्ट तापून निळे पडले होते. तारांवरचं आवरण तपकिरी होऊन तडकलं होतं. भावजींनी खालच्या आवाजात विचारलं, पण ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज होता ना?

"तो ट्रान्सफॉर्मरला सांभाळतो, तुम्हाला नाही," निरीक्षक म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर छापखाना, बेकरी आणि तुम्ही, तिघांचा भार उचलतो. तुमच्या एकट्या पेटीतून दुप्पट प्रवाह गेला तरी त्याला काही जड नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त, म्हणून तीच वीज तिथे थोड्याशा प्रवाहात जाते. इथे तारा जळेपर्यंत त्याला पत्ताही लागला नसता. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या खाली प्रत्येक पेटीला तिचा स्वतःचा खटका हवा, आणि त्या पेटीला सोसेल तेवढ्याचाच हवा. तुमचा खटका बिघडलेला नव्हता. तो एकटाच नीट काम करत होता."

एवढ्यात मावशींनी फुटपाथवरून हाक मारली. त्यांना आत यायचं होतं. दोन बाजूंनी मी आणि भावजींनी धरून आणलं. निरीक्षकांनी पेटी भिंतीपासून सैल केली होती, तिच्यामागे जिन्याची लाकडी फळी होती. माळ्यावरून उतरायचा हाच एक जिना. फळी कोळशासारखी काळी पडली होती. मावशींनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या पायांवरची जाळी पाहिली. दोन्ही गोष्टी एकाच हातानं केल्या होत्या, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"पण मला बरं वाटत होतं गं," त्या लेकीला म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "ते काय खोटं होतं?"

डॉक्टरताईचे डोळे भरून आले. "ते खरंच होतं, आई. शेकानं गुडघ्याला बरं वाटतंच. शेक खरा होता. फक्त तो कुठून येतोय, हे आपण कोणी विचारलं नाही. मी तर किती दिवसांत इकडे फिरकलेच नाही."

नव्या पेटीचं काम होईपर्यंत लॉन्ड्री बंद राहिली. सेवकानं छापखान्यातल्या आणि बेकरीतल्या पट्ट्या निरीक्षकांसमोर स्वतः काढून दिल्या. हो, तिथेही ऊर्जा मोकळी झालेलीच होती, पण कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबा त्या गडबडीत निघून गेले. त्यांचे दोन झगे कडक इस्त्री करून आमच्याकडे पडून आहेत, न्यायला कोणी आलेलं नाही.

आता नव्या पेटीत नवा खटका आहे आणि पेटीचं दार थंड असतं. मावशी गरम पाण्याची पिशवी घेतात, मध्ये टॉवेल ठेवून, लेकीनं सांगितलं तेवढाच वेळ. पायांवरची जाळी फिकट होत चालली आहे. परवा हॉटेलची मोठी ऑर्डर आली. भावजींनी घाईघाईत आणखी एक भाड्याचा ड्रायर जोडला, आणि खाडकन खटका पडला. अंधारात हॉटेलवाल्याचा फोन वाजायला लागला. कामगार कुरकुरले. भावजींच्या तोंडून सवयीनं शब्द निघाले की पेटीला पुन्हा कोणाची तरी...

"नजर लागली नाही," माळ्यावरून मावशींचा आवाज आला. "पडला ना खटका? पडू दे. तो जागा आहे म्हणून मी इथे झोपू शकते. आधी तो ड्रायर काढ."

भावजींनी ड्रायर काढला. मी दांडा वर केला आणि दिवे आले.

माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरात, कामाच्या जागी, भिंतीवर कुठेतरी अशीच एक पेटी असेल. आज तिच्या दाराला हात लावून बघा. थंड असेल तर आपल्या कामाला लागा. गरम लागली तर हात जोडू नका. ती का तापली, हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसांची खुर्ची तिथून हलवा. विचारणारा घरचा मेव्हणा असला, तरी त्याचं ऐका.